येशूचा जीव घेणारा वधस्तंभच ख्रिस्ती लोक गळ्यात का घालतात?

आपण विचारले आहे की, ज्या साधनाने येशूचा जीव घेतला तेच ख्रिस्ती लोक चर्चच्या शिखरावर लावतात आणि गळ्यात घालतात ते कशासाठी, आणि त्याला फाशी दिली असती तर त्यांनी दोर घातला असता का. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि माझे उत्तर 'हो' असे आहे. दोरच घातला असता, आणि तो पाहून आज आपल्याला जसे दचकायला होईल, तसेच पहिल्या शतकातल्या माणसाला क्रूसाचे, म्हणजे वधस्तंभाचे, नाव ऐकून होत असे. क्रूस सोन्याच्या साखळीत ओवला गेल्यापासून ते दचकणे आम्हीही विसरलो आहोत.

क्रूस ही रोमन साम्राज्याची शिक्षा होती आणि ती मुख्यतः गुलामांसाठी व बंडखोरांसाठी राखलेली होती. रोमन नागरिकाला ती सहसा देत नसत. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकस या गुलामाचे बंड मोडल्यावर सुमारे ६,००० गुलामांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने क्रूसांवर चढवण्यात आले. केवळ जीव घ्यायचा असता तर तलवार पुरली असती. येथे माणसाला विवस्त्र करून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर तासन्‌तास टांगून, त्याची काहीच किंमत नाही हे सर्वांना दाखवायचे होते. यहुदी धर्मशास्त्रात तर झाडाला टांगलेला मनुष्य देवाचा शापित मानला आहे. पंतय पिलात यहुदियाचा सुभेदार असताना यरुशलेमच्या वेशीबाहेर गुलगुथा येथे येशूला हेच मरण आले. म्हणूनच येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना लिहिले की, वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि इतरांना मूर्खपणा वाटतो. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर सापडलेल्या एका जुन्या भिंतीवर गाढवाचे डोके असलेली आकृती क्रूसावर टांगलेली दाखवली आहे, आणि अलेक्सामेनॉस आपल्या देवाची उपासना करतो आहे असे त्याखाली ग्रीकमध्ये खरडले आहे. त्या काळी क्रूसाची अशी टिंगल होत असे.

मग या लाजिरवाण्या मरणात ख्रिस्ती माणसाला तारण, म्हणजे पापांतून सुटका, कशी दिसते? पुष्कळदा असे सांगितले जाते की, देव माणसांच्या पापांमुळे रागावला होता आणि त्याने ती शिक्षा आपल्या निरपराध पुत्राला दिली. या मांडणीला शास्त्रवचनांचा आधार नाही असे नाही, पण एवढेच सांगून थांबले तर चित्र विद्रूप होते, असे माझे मत आहे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्रूसावरचा येशू हा कोणी तिसरा नव्हे. देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता, असे पौल म्हणतो. वाटणीत भावाने फसवले आणि आपण त्याला मनापासून क्षमा केली, तर गेलेली जमीन परत येत नाही. तो तोटा क्षमा करणाऱ्याच्याच वाट्याला राहतो. क्षमा कधीच फुकट नसते, आणि माणसाला क्षमा करण्याची किंमत देवाने स्वतः सोसली, हा क्रूसाचा पहिला अर्थ आहे.

दुसरा अर्थ मला अधिक जवळचा आहे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन या वेळात आमच्या मंडळीत येशूच्या क्रूसावरील सात उद्गारांवर मनन होते, आणि दरवर्षी माझे मन चौथ्या उद्गारापाशी थांबते: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे बायबलमधील बाविसाव्या स्तोत्राचे पहिले शब्द आहेत. ज्याला आम्ही देवाचा पुत्र मानतो त्यालाच देवाने टाकल्याचा अनुभव यावा, याचा अर्थ असा की, टाकलेल्या माणसाची अशी कोणतीही जागा उरली नाही जिथे देव स्वतः जाऊन आलेला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यानंतर तेथील जुन्या ख्रिस्ती गावठाणांत लोकांनी जागोजागी क्रूस उभारले, आणि त्यांतील कित्येक आजही गल्ल्यांच्या तोंडाशी उभे आहेत. रोगापासून रक्षण व्हावे ही त्यांची प्रार्थना होतीच. पण घरातली माणसे जात असताना त्यांनी देवाची हीच खूण डोळ्यांसमोर ठेवली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

लाकडाची पूजा आम्ही करत नाही. कॅथलिक बांधव उत्तम शुक्रवारी क्रूसाचे चुंबन घेतात, तेही त्यावरील ख्रिस्ताला केलेले वंदन असते. प्रोटेस्टंट मंदिरांत क्रूस बहुधा रिकामा असतो, कारण तेथे पुनरुत्थानावर भर दिला जातो.

एक गैरसमज मात्र आमच्याच घरांतून दूर व्हायला हवा. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "हा तुझा क्रूस आहे, तो वाहा" असे सांगितलेले मी ऐकले आहे. येशूने प्रत्येकाने 'आपला' वधस्तंभ उचलावा असे म्हटले, आणि ते त्याच्यामागे स्वतःहून येऊ इच्छिणाऱ्यांना म्हटले. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस लादण्याचे काम त्या गोष्टीत पिलाताचे शिपाई करतात.