वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : फळीतली रिकामी जागा

प्रश्न : माझा मुलगा आणि भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतात आणि दोघेही तिथल्या एकाच अमेरिकन फुटबॉल संघाचे निस्सीम चाहते आहेत. त्यांच्यामुळे मलाही या खेळाची गोडी लागली. तिकडचा रविवार दुपारचा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळे मागे गेली की साडेअकराला सुरू होतो. तो मी जागून पाहतो. यंदा त्यांच्या संघाचा लेफ्ट टॅकल निवृत्त झाला. मुलगा म्हणतो, शेजारचा लेफ्ट गार्ड उत्तम आहे, त्यालाच टोकाला सरकवावे आणि गार्डच्या जागी राखीव खेळाडू उभा करावा. भाचा म्हणतो, ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या निवडी देऊन दुसऱ्या संघाचा नावाजलेला टॅकल आणावा. व्हिडिओ कॉलवर दोघांचा वाद मिटत नाही. योग्य मार्ग कोणता?
— एक निवृत्त बँक अधिकारी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या मुलाच्या आणि भाच्याच्या वादात एक गृहीतक दोघांनाही मान्य दिसते, ते म्हणजे रिकामी जागा लेफ्ट टॅकलची आहे. माझा पहिला आक्षेप तिथेच आहे. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन टोकांना टॅकल, अशी ही, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणारी, पाच जणांची फळी असते, आणि प्रतिस्पर्धी संघ तिच्यातल्या सर्वांत भक्कम खेळाडूच्या वाट्याला जात नाही. तो सर्वांत कच्चा खेळाडू हेरून आठवडाभर त्याच्यासाठीच डाव रचतो. म्हणून सरकवासरकव संपल्यावर शेवटी कोणते पाच जण उभे राहणार आणि त्यांतला सर्वांत कच्चा किती कच्चा असणार, एवढे आधी ठरवावे. खरी रिकामी जागा ती.

आता मुलाचा उपाय पाहू. गार्डला टॅकल करणे म्हणजे एक घर पुढे सरकणे, असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात काम बदलते. गार्डच्या डाव्या-उजव्या दोन्ही हातांना आपला माणूस असतो. समोरचा धिप्पाड गडी सरळ अंगावर येतो आणि झुंज दोन-तीन फुटांत होते. टॅकलच्या एका बाजूला मोकळे मैदान असते. चेंडू हलताच त्याला डावा पाय मागे टाकत, उजवा पाय त्याच्यामागून ओढत, तिरके सरकावे लागते. खांदे फार लवकर बाहेर वळले तर आतली वाट उघडी पडते आणि उशिरा वळले तर बाहेरची. तिथे हाताची लांबी मोलाची ठरते. संघांचे निवडकर्ते टॅकलसाठी साधारण ३३ ते ३४ इंचांचा हात शोधतात, तो याचसाठी, कारण धावून येणाऱ्याच्या छातीला आपला हात आधी लागला पाहिजे. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर फेकीच्या पवित्र्यात त्याची पाठ डावीकडे येते आणि लेफ्ट टॅकलची चूक त्याला दिसतही नाही.

शिवाय शेजाऱ्यांची सवय असते. समोरचे दोन गडी एकमेकांच्या वाटा छेदत येतात तेव्हा गार्ड आणि टॅकल यांना, एक शब्दही न बोलता, आपापला माणूस एकमेकांच्या हवाली करावा लागतो. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. मी बरीच वर्षे कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर खेळलो. एका स्पर्धेत माझा घोटा मुरगळला तेव्हा माझ्या शेजारच्या गड्याला आम्ही कोपऱ्यावर घेतले आणि त्याच्या जागी नवा मुलगा उभा केला. कोपऱ्यावरचा गडी चांगलाच खेळला, पण साखळीचे दोन्ही हात एकमेकांना नवखे होते. चढाईपटूने कोपऱ्याला हात लावण्याचा प्रयत्नही केला नाही. दोघांची पकड जिथे सैल पडत होती त्याच फटीतून तो तीनदा सुटला. एका माणसाची उणीव भरताना आम्ही साखळीचे दोन दुवे सैल केले होते.

व्यावसायिक फुटबॉलमधले याचे सर्वांत ठळक उदाहरण कॅन्सस सिटी चीफ्सचे आहे. २०२४ च्या हंगामात त्यांना लेफ्ट टॅकलच्या जागी कोणी टिकणारा सापडेना. ड्राफ्टमधून घेतलेले दोन तरुण आजमावून झाले, मग हंगामाच्या मध्यावर आणलेला अनुभवी खेळाडू पहिल्याच सामन्यात जखमी झाला, आणि अखेरीस त्यांनी जो थूनी या लेफ्ट गार्डला टोकाला नेले. थूनी त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम गार्डांमध्ये गणला गेलेला खेळाडू होता. या जुळवणीवर संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, हे मान्य केलेच पाहिजे. आपल्या मुलाचा मार्ग अगदीच टाकाऊ नाही. पण फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोल या अंतिम सामन्यात फिलाडेल्फियाच्या बचावाने क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला चेंडू फेकण्याआधीच सहा वेळा लोळवले आणि चीफ्स २२-४० असे हरले. एका टॅकलच्या अभावापायी त्यांनी उत्कृष्ट गार्ड गमावला आणि त्याच्या जागी राखीव खेळाडू उभा करावा लागला. हा उपाय हंगामाच्या ऐन मध्यावर, दुसरे काही हाती नसताना करावा. मार्चमध्ये, हाताशी पाच महिने असताना, तो पहिला पर्याय म्हणून करू नये.

भाच्याच्या मार्गाकडे वळतो. ज्यांना ड्राफ्टची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो की, दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस ३२ संघ महाविद्यालयीन खेळाडूंमधून सात फेऱ्यांत निवड करतात आणि आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघाला आधी निवडता येते. त्यामुळे पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीतली निवड देऊन टाकताना आपण नक्की किती किंमत मोजतो आहोत, हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने लेफ्ट टॅकल लॅरेमी टन्सिलसाठी मायामीला पहिल्या फेरीच्या दोन आणि दुसऱ्या फेरीची एक निवड दिली. टन्सिल खरोखर उत्तम खेळला. खेळाडूच्या पारखीत चूक नव्हती. पण २०२० मध्ये ह्यूस्टन १६ पैकी १२ सामने हरला आणि मायामीला देऊन टाकलेली ती निवड सर्व संघांत तिसऱ्या क्रमांकाची ठरली. उलट चीफ्सने २०२१ मध्ये ऑर्लँडो ब्राउन या टॅकलसाठी पहिल्या फेरीची निवड दिली तेव्हा ती त्याच वर्षाची, ३१ व्या क्रमांकाची होती. काय देतो आहोत ते त्यांना डोळ्यांसमोर दिसत होते. भाच्याला एवढेच विचारावे की, द्यायची निवड यंदाची आहे की पुढची, आणि संघ पुढच्या वर्षी किती वर असेल याची खात्री कशावरून.

मोठी किंमत मोजल्याशिवाय मोठा टॅकल मिळतच नाही, असेही नाही. एप्रिल २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा जो स्टेली निवृत्त झाला, आणि त्याच दिवशी त्या संघाने वॉशिंग्टनकडून ट्रेंट विल्यम्स आणला, तोही एक पाचव्या फेरीची आणि एक तिसऱ्या फेरीची निवड देऊन. विल्यम्स २०१९ चा हंगाम खेळलाच नव्हता आणि त्याला जुना संघ सोडायचा होता, म्हणून तो स्वस्तात मिळाला. एवढे जुळून येणे दुर्मीळ. पण स्टेलीची कारकीर्द संपत आल्याचे त्या संघाने आधीच ओळखले होते आणि संधी आली तेव्हा त्यांची तयारी झालेली होती, हे मला महत्त्वाचे वाटते.

मग मी काय करीन? मार्चच्या मध्यावर करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडतो आणि ड्राफ्ट त्यानंतर सहा आठवड्यांनी येतो. हा क्रम संघाच्या सोयीचा आहे. मार्चमध्ये तिशी ओलांडलेला, टॅकलच्या जागेवर वर्षानुवर्षे खेळलेला, एका वर्षाच्या करारावर येईल असा खेळाडू घ्यावा. तो तारा नसेल, पण फळीतले बाकीचे चौघे जागचे हलणार नाहीत. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. एकाच टॅकलवर भरमसाट पैसा घातला तर त्याचा काप कुठल्या तरी दुसऱ्या जागेवर बसतो, हे विसरता येत नाही. ती तात्पुरती सोय झाली की एप्रिलमध्ये संघ अगतिक राहत नाही. पहिल्या-दुसऱ्या फेरीत खरोखर पसंत पडलेला टॅकल समोर आला तर घ्यावा, नाही आला तर त्या क्रमांकावर दिसणारा सर्वोत्तम खेळाडू घ्यावा. रिकाम्या जागेच्या धास्तीने तिसऱ्या फेरीच्या योग्यतेचा मुलगा पहिल्या फेरीत घेणे, ही चूक मी या खेळात सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या २०११ च्या करारानंतर नवोदितांचे पगार निवडीच्या क्रमांकानुसार ठरून गेले आहेत, त्यामुळे ड्राफ्टमधून मिळालेला चांगला टॅकल चार वर्षे स्वस्तात पडतो. मात्र त्याच करारानंतर हंगामातले पूर्ण संरक्षक साहित्य घालून होणारे सरावही कमी झाले. टक्कर कशी घ्यावी हे या मुलांना पूर्वी सरावात शिकता येई. आता ते सामन्यातच शिकावे लागते, म्हणून पहिल्या वर्षी त्यांना घाईने टोकावर उभे करू नये, असे मला मनापासून वाटते.

मुलाला आणि भाच्याला चीफ्सचाच २०२१ मधला उन्हाळा आठवून द्यावा. त्या फेब्रुवारीत दोन्ही टॅकल जखमी असताना ते सुपर बोल ९-३१ असा हरले होते. त्यानंतर त्यांनी पाचही जागा नव्याने भरल्या : थूनी मोठ्या करारावर, ब्राउन अदलाबदलीत, सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत, आणि गार्ड ट्रे स्मिथ चक्क सहाव्या फेरीत, २२६ व्या क्रमांकावर. दोन वर्षांनी, त्या हंगामात ७० वेळा क्वार्टरबॅकला लोळवणाऱ्या फिलाडेल्फियाच्या बचावाला सुपर बोलमध्ये महोम्सला एकदाही लोळवता आले नाही.

प्रश्न : टॅकलऐवजी सेंटरची जागा रिकामी झाली तर उत्तर बदलते का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : बदलते. सेंटर चेंडू मागे देतो आणि समोरच्या बचावाची मांडणी पाहून कोण कोणाला अडवणार हे फळीला सांगतो. परक्या मैदानात गर्दीचा आवाज इतका असतो की क्वार्टरबॅकची हाक फळीपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी गार्ड मान वळवून क्वार्टरबॅककडे पाहतो, त्याची खूण दिसताच सेंटरला हात लावतो, सेंटर क्षणभर मान हलवतो आणि ठरलेल्या ठोक्यावर चेंडू सुटतो. या खुणा अंगवळणी पडलेला माणूस बाजारातून आयता मिळणे कठीण असते. म्हणून इथे घरात तयार केलेला वारसदार मला सर्वांत योग्य वाटतो.

फिलाडेल्फिया ईगल्सने हे कसे केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांचा सेंटर जेसन केल्सी अजून खेळत असतानाच, २०२२ मध्ये, त्यांनी दुसऱ्या फेरीत कॅम जर्गन्स हा सेंटर घेतला. पुढच्या वर्षी त्याला केल्सीच्या शेजारी राइट गार्ड म्हणून खेळवले; तो वर्षभर केल्सीच्या खांद्याला खांदा लावून त्याच्या सूचना ऐकत होता. मार्च २०२४ मध्ये केल्सी निवृत्त झाला आणि जर्गन्स मध्यभागी सरकला. मघाशी मी सरकवासरकवीविरुद्ध लिहिले, आणि इथे गार्ड सरकवलेला आहे. पण जर्गन्स आपल्या मूळ जागी परतत होता आणि त्याची सुटलेली जागा भरण्यासाठी संघाजवळ संपूर्ण उन्हाळा होता. तिथे त्यांनी मेकाई बेक्टन हा टॅकल एका वर्षाच्या करारावर घेऊन गार्ड म्हणून घडवला. त्याच फळीचा लेफ्ट टॅकल जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळून आलेला; २०१८ मध्ये २३३ व्या क्रमांकावर निवड झाली तेव्हा त्याने या फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. मैदानात उतरायला त्याला २०२० उजाडले. फळीचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी त्याच्यावर घेतलेल्या मेहनतीबद्दल मला अतिशय आदर वाटतो. याच पाच जणांच्या फळीसह फिलाडेल्फियाने २०२५ चा तो सुपर बोल जिंकला.

प्रश्न : हंगामाच्या मध्यावर कोणी जखमी झाला तर?
— रावपुऱ्यातील एक शिक्षक

उत्तर : त्याच जागेवर सराव केलेला राखीव खेळाडू उतरवावा, चौघांना हलवू नये. नियमही त्या दिशेने बनले आहेत : सामन्याच्या दिवशी फळीचे निदान आठ खेळाडू सज्ज ठेवणाऱ्या संघाला ४७ ऐवजी ४८ खेळाडू उतरवता येतात. त्या आठांपैकी बाहेर बसलेल्या तिघांत एक दोन्ही टोकांना चालणारा आणि एक सेंटर व गार्ड दोन्ही सांभाळणारा असावा. नवख्या टॅकलच्या शेजारी पहिले दोन-तीन सामने टाइट एंड, म्हणजे अडवणे आणि झेल घेणे ही दोन्ही कामे करणारा खेळाडू, उभा करून त्याला आधार द्यावा आणि क्वार्टरबॅकने चेंडू लवकर सोडावा. आपला संघ असे करतो की नाही, हे टीव्हीवरही कळते. पुढच्या सामन्यात चेंडू सुटण्याआधी त्या टोकाला किती जण उभे आहेत, ते मोजून पाहावे.