एडीएचडीच्या गोळीसोबत इतर उपचार चालतील का?

तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे, एडीएचडीसाठी (म्हणजे लक्ष न टिकणं, अति चंचलपणा यासाठी) मिथाइलफेनिडेट ही गोळी नुकतीच सुरू झालीय. सोबत ओमेगा-३, योग आणि कुणीतरी सुचवलेलं हर्बल सिरप द्यावं का, आणि त्याने फरक पडला तर गोळी सोडता येईल का, हा तुमचा प्रश्न. माझी मुलगीही हीच गोळी घेते, म्हणून एक आई म्हणून सांगते: जोडीला जरूर काहीतरी करा, पण गोळी परस्पर बंद करू नका.

माझ्या मते जोडीला सगळ्यात उपयोगाची गोष्ट तुमच्या यादीत नाहीच. ती म्हणजे बिहेवियर थेरपी, म्हणजे वागण्याच्या सवयी हळूहळू बदलायला शिकवणारे उपचार, आणि त्यातही आपलं, आईवडिलांचं प्रशिक्षण. १९९९ साली अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ५७९ मुलांवर १४ महिने वेगवेगळे उपचार करून पाहिले होते. लक्ष न लागणं, चंचलपणा यांवर नीट देखरेखीखाली दिलेली गोळी नुसत्या थेरपीपेक्षा सरस ठरली. दोन्ही एकत्र दिल्याने या लक्षणांत गोळीपेक्षा विशेष जास्त फरक पडला नाही, पण त्या मुलांचं कमी डोसवर भागलं. आईबापांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आमच्या घरी सकाळी नुसता आरडाओरडा असायचा. मी स्वयंपाकघरातून "आवर लवकर" ओरडायचे आणि ही एक मोजा हातात घेऊन खिडकीशी उभी. थेरपिस्टनी शिकवलं की जवळ जायचं, तिने आपल्याकडे बघितलं की एकच काम सांगायचं, "मोजे घाल". घातले की लगेच शाबासकी, मग पुढचं काम. ऐकायला किरकोळ वाटेल, पण सकाळी गोळीचा असर सुरू व्हायच्या आधी हेच कामी येतं.

ओमेगा-३चा परिणाम झालाच तर थोडासा होतो, गोळीच्या तुलनेत फारच कमी. योग, खेळ, धावणं मुलाला आवडत असेल तर खुशाल करू द्या. झोप मात्र सांभाळा, कारण या गोळीने भूक मंदावते आणि झोप उशिरा लागू शकते. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब वेळोवेळी तपासून घ्या. नवीन काहीही सुरू करायचं तर एका वेळी एकच. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या आणि पोर चिडचिड करू लागलं, तर दोष कशाला देणार?

हर्बल सिरपची मला खरंच काळजी वाटते. वनस्पतीपासून केलंय म्हणजे निर्धोक, असं नसतं. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती कितीतरी औषधांचा असर कमी करते, आणि एडीएचडी असलेल्या मुलांवरच्या चाचणीत ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती. पुढच्या भेटीला ती बाटलीच डॉक्टरांकडे घेऊन जा. लेबलवर घटकांची नावं आणि प्रमाण लिहिलेलं नसेल, तर मी तरी ते माझ्या लेकराला देणार नाही.