गाडीच्या किल्लीतली सोल्डर केलेली बॅटरी बदलताना

आधी जुनी बॅटरी उलटी करून तिच्यावरचा नंबर वाचा. जुन्या बीएमडब्ल्यूच्या किल्लीत बहुधा व्हीएल २०२० निघते: व्यास २० मिलिमीटर, जाडी २, व्होल्टेज ३. सीआर २०३२ सुद्धा ३ व्होल्टचीच, स्वस्त आणि सहज मिळणारी, म्हणून मोह होतो. कृपा करून ती बसवू नका. किल्ली इग्निशनमध्ये असताना गाडी ही बॅटरी चार्ज करत असते आणि सीआर चार्ज करण्यासाठी बनलेलीच नाही. ती फुगते, गळते. एलआयआर, म्हणजे चार्ज होणारी लिथियम-आयन गोल बॅटरी, तीही नको, तिचं व्होल्टेज जास्त असतं.

बॅटरी टॅब, म्हणजे जोडणीच्या धातूच्या पट्ट्या, लावलेलीच घ्या. सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवली की आतलं सील जातं. माझी पहिली बॅटरी अशीच गेली: पत्र्यावर सोल्डरचा डाग चकाकत होता, पण आठवड्यात सेल मेला. टॅब कोणत्या कोनात वळले आहेत तेही जुळवून पाहा, इथे बरेच जण फसतात.

कव्हर चिकटवलेलं असतं. ब्लेड सांध्यावरून हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा फिरवा. खोल घुसवलंत तर बोर्डवरची कॉइल (तारेचं वेटोळं) तुटेल. अधिक-उणे बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा. जुने टॅब आधी कापा, उरलेले तुकडे मग डाग वितळवून काढा. प्रत्येक डागाला दोन-तीन सेकंद पुरे.

रिमोट लगेच चालला नाही तर घाबरू नका, तो गाडीशी पुन्हा जुळवावा लागतो. इमोबिलायझरची, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची, किल्लीतली चिप बॅटरीवर चालत नाही, त्यामुळे गाडी सुरू होईलच.