नोटेशनमधला 'रेस्ट' आणि आपल्या स्वरलिपीतली आडवी रेघ एकच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी कीबोर्ड शिकते, तिच्या पुस्तकात स्वरांच्या मधे वेडीवाकडी चिन्हं येतात आणि बाई 'रेस्ट मोज' म्हणतात. तुम्ही लहानपणी पेटी शिकलात तेव्हा 'सा – रे ग' अशी रेघ असायची. ही तीच का?

नाही. जवळजवळ उलटच आहे म्हणा ना.

भातखंडे पद्धतीत, म्हणजे तुमच्या पेटीच्या पुस्तकातल्या स्वरलिपीत, स्वरापुढची आडवी रेघ म्हणजे मागचा स्वर आणखी एक मात्रा लांबवा. 'सा – रे ग' वाजवताना दुसऱ्या मात्रेलाही बोट सा च्याच पट्टीवर असतं, भाता चालू असतो. खाली शब्दांची ओळ असेल तर तिथे अवग्रह येतो, 'रा ऽ म', आणि गळ्यातला 'आ' सुरू राहतो. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये हेच चार ठोके सा, रेस्ट, रे, ग असे लिहिले असतील तर दुसऱ्या ठोक्याला बोट उचलायचं. आवाज बंद, मोजणी चालू. स्वर लांबवायचाच असता तर त्यांनी दोन ठोक्यांचा स्वर लिहिला असता, किंवा दोन स्वर कमानीने जोडले असते.

मी स्वतः पेटीकडून तिकडे गेलो, त्यामुळे सुरुवातीला दिसेल तो रेस्ट भरून काढायची खोड होती. एका हौशी कॉयरमध्ये हँडेलचं 'हॅलेलूया' बसवत होतो. त्यात शेवटच्या 'हॅलेलूया'च्या आधी सगळे एकदम थांबतात, वाद्यांसकट. त्या शांततेत मी एकटाच 'हॅ' म्हणून मोकळा झालो! तालीम होती म्हणून निभावलं.

चिन्हांचं म्हणाल तर मुलीला एवढं पुरेल: एका ठोक्याचा रेस्ट वीज चमकल्यासारखा वाकडातिकडा, अर्ध्याचा इंग्रजी सातासारखा. चार ठोक्यांचा आणि दोन ठोक्यांचा हे दोघे मात्र सारखेच दिसतात, काळी आडवी वीट. चारचा जड, म्हणून नोटेशनच्या पाच रेघांपैकी खालून चौथ्या रेघेला लोंबकळतो. दोनचा हलका, म्हणून तिसऱ्या रेघेवर बसतो. आणि एक खोडसाळपणा आहे. अख्खा बार (दोन उभ्या रेघांमधला तालाचा एक घर) रिकामा असेल तर तीन ठोक्यांच्या तालातसुद्धा तीच लोंबती वीट टाकतात. तिथे तीनच मोजायचे, चार नाही.

आपल्याकडे रेस्टच्या खऱ्या जवळ जाणारी गोष्ट हवी असेल तर ती तबल्यात आहे. तिथे 'ऽ' म्हणजे आघाताविना गेलेली मात्रा. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं; दमदार तिहाईतला 'दम' तो हाच. सोळा मात्रांच्या तीनतालात दहाव्या मात्रेपासून म्हणून बघा, एकेका मात्रेला एकेक: 'तिरकिट धा ऽ तिरकिट धा ऽ तिरकिट', आणि पुढचा 'धा' बरोबर समेवर. आता दोन्ही 'ऽ' गिळून म्हणा. शेवटचा 'धा' पंधराव्या मात्रेवरच आपटतो, सम दोन मात्रा लांब राहते. (जाता जाता: तालातली 'खाली' म्हणजे रेस्ट नव्हे. तिथे टाळी न देता हात बाजूला करतात आणि डग्ग्याची घूम काही मात्रा जाते इतकंच, बोल चालूच असतात.)

मुलीला रेस्टचं काम ऐकवायचं असेल तर बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात लावा. ते तीन छोटे आणि एक लांब स्वर सगळ्यांना पाठ असतात, पण कागदावर त्यांच्याही आधी एक अर्ध्या ठोक्याचा रेस्ट आहे. पहिला ठोका पडतो तो शांततेवर, आणि तिन्ही स्वर त्याच्यामागून लांब स्वराकडे धावतात. तो रेस्ट मनात न मोजता सुरू केलं की पहिल्याच स्वरावर जोर बसतो आणि 'तकिट तकिट' असं काहीतरी ऐकू येतं.

सरावाला मी ठोके मोठ्याने मोजायला सांगतो आणि रेस्टचा आकडा कुजबुजत. 'एक, (दोन), तीन, चार.' दोनला हात पट्टीवरून वर आलेला दिसला पाहिजे. एवढं करूनही सगळे स्वर एकमेकांत मिसळत असतील तर टेबलाखाली वाकून बघा. कीबोर्डला सस्टेन पेडल असेल आणि तिचा पाय त्याच्यावर असेल, तर बोट उचलूनही आवाज थांबणार नाही.