पहिले बाळ आणि घरखर्चाचा मेळ

प्रश्न : आम्ही दोघेही खासगी कंपन्यांत नोकरी करतो. यजमानांना हातात 46,000 आणि मला 38,000 रुपये मिळतात. फ्लॅटचा हप्ता 24,500, एसआयपी 5,000 आणि घरखर्च साधारण 30,000 रुपये आहे. मला पाचवा महिना सरत आला आहे. प्रथेप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी, सांगलीला होणार असून निवृत्त वडील सगळा खर्च आपणच करणार म्हणतात. सासूबाईंना डोहाळजेवण कार्यालयात करायचे आहे. त्याचा अंदाज सत्तर हजारांवर गेला आहे. भरपगारी रजा संपल्यावर आणखी सहा महिने बिनपगारी घरी राहावे असे मला वाटते. बँकेत 1,10,000 रुपये आणि 2 लाखांची मुदत ठेव आहे. एवढ्यात जमेल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : जमेल, पण तयारीला याच महिन्यापासून लागावे लागेल. दवाखान्याचे बिल मोठे दिसले तरी ते एकदाच भरायचे असते आणि त्यातला काही भाग विम्यातून निघू शकतो. आपल्या घरात ओढाताण होईल ती त्या बिनपगारी सहा महिन्यांत. यजमानांच्या 46,000 मधून हप्ता गेला की 21,500 उरतात. एसआयपी तेवढ्या काळापुरती थांबवली आणि घरखर्चाचे 30,000 व बाळाचे डायपर, लसी, औषधे मिळून 8,000 धरले, तर महिन्याला 16,500 रुपये कमी पडतात. सहा महिन्यांचे 99,000 झाले.

आता जमेची बाजू. आपणच दिलेल्या आकड्यांनुसार आज सगळे खर्च भागून महिन्याला 24,500 रुपये शिल्लक राहायला हवेत, पण पत्रात त्यांचा कुठे उल्लेखच नाही. याचा अर्थ ते घरखर्चाच्या नावावर न येता ऑनलाइन खरेदीत आणि शनिवार-रविवारच्या बाहेरच्या जेवणात विरत असावेत. हेच पैसे पुढचे चार महिने बाजूला पडले तर 98,000 होतात आणि खड्डा जवळजवळ बुजतो. त्यासाठी पगाराच्या दुसऱ्या दिवशी ती रक्कम वेगळ्या खात्यात आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हटले की काहीही उरत नाही, हे मी स्वतःच्या पासबुकावरून सांगतो.

रजेचा हिशेबही आताच करावा. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली. या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आहे. आस्थापनेत किमान 10 कर्मचारी असावेत आणि अपेक्षित तारखेच्या आधीच्या 12 महिन्यांत आपण तिथे 80 दिवस काम केलेले असावे, एवढ्या मुख्य अटी आहेत. या 26 आठवड्यांपैकी जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि जितके आधी घ्याल तितके नंतरचे कमी होतात. डॉक्टरांची हरकत नसेल आणि कंपनी काही दिवस घरून काम करू देत असेल, तर आधीचे आठवडे शक्य तेवढे वाचवावेत. रजेतली रक्कम मागील तीन महिन्यांच्या सरासरी दैनिक वेतनावरून काढतात व तीत ओव्हरटाइम धरत नाहीत. म्हणून हाती नेमके किती येतील हे मनुष्यबळ विभागाकडून ई-मेलवर लिहून घ्या. तोंडी आश्वासन देणारा माणूसच सहा महिन्यांत नोकरी बदलून गेलेला असतो. बिनपगारी सहा महिने मात्र कायद्याने मिळत नाहीत, ती कंपनीची मर्जी आहे. त्यांचा अर्ज रजेवर जाण्यापूर्वीच देणे चांगले.

विम्याच्या बाबतीत सांगली हा कळीचा मुद्दा आहे. नव्याने घेतलेल्या वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणासाठी सहसा काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत थांबावे लागते, त्यामुळे आता पॉलिसी घेऊन या खेपेला उपयोग नाही. आपला आधार म्हणजे दोघांच्या कंपन्यांची सामूहिक पॉलिसी. तिच्यात बाळंतपणासाठी किती मर्यादा आहे, सिझेरियनची मर्यादा वेगळी आहे का आणि बाळ पहिल्या दिवसापासून सामील होते का, हे पाहावे. पण आईने ठरवलेला सांगलीचा दवाखाना कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का, हे बहुतेक जण दाखल होण्याच्या दिवशी विचारतात. यादीत नसेल तर पैसे आधी खिशातून भरून मूळ बिले, औषधांच्या पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड मुदतीत पाठवावे लागते. दवाखान्याने सांगितलेल्या पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि औषधे धरली आहेत का, हेही विचारा. खोली एक दर्जा वरची घेतली की पुष्कळ ठिकाणी खोलीभाडेच नव्हे, तर डॉक्टरांच्या फीपासून सगळेच दर चढतात.

मुदत ठेवीला या सगळ्यात हात लावू नका. बाळाला चार दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले तर दर दिवसाला वेगळे बिल होते, आणि तो अंदाज आधी कुणालाच बांधता येत नाही. ठेव त्यासाठी राहू द्या. अगदीच अडले तर ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज मिळते.

वडिलांचा प्रश्न नाजूक आहे. पहिले बाळंतपण माहेरचे, या प्रथेत लेकीला विश्रांती मिळावी हा हेतू आहे. दवाखान्याचे बिल पेन्शनीतून भरलेच पाहिजे असे तीत काही नाही. आईकडचा शेक, मालिश, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू हे माहेरचे, आणि दवाखाना तुमच्या दोघांचा, अशी वाटणी यजमानांनी स्वतः सांगलीला जाऊन सासऱ्यांपुढे मांडावी. हेच लेकीने सांगितले तर वडील ऐकून घेणार नाहीत. जावयाने मानाने सांगितले तर बहुधा ऐकतील.

डोहाळजेवणाचे सत्तर हजार मला पटत नाहीत, आणि सासूबाईंची हौस मोडावी असेही मला वाटत नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये तीस माणसे, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा आणि केटररकडचे साधे जेवण हे पंधरा-वीस हजारांत बसवता येईल. बाळंतविडा काय आणू असे विचारणाऱ्या नातेवाइकांना संकोच न करता डायपर सांगा, कारण पाच पाळण्यांची गरज कुणालाच नसते. झबली-टोपडी थोरल्या जावेकडून मागून घ्या आणि दुपटी आजीच्या मऊ सुती साड्यांची शिवा.

प्रश्न : मी घरी ब्लाउज शिवते आणि फॉल-पिको करते, यजमान टेम्पो चालवतात. दोघांचे मिळून महिन्याला सतरा-अठरा हजार होतात. सातवा महिना आहे. खासगी दवाखान्याने मोठी रक्कम आधी मागितली आहे. भिशी मोडू का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : भिशी मोडू नका. 2011 पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात सिझेरियनसह बाळंतपण, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. आजारी नवजात बाळावरचे उपचारही मोफत होतात. आपल्या आशाताईंना बरोबर घेऊन एकदा ते रुग्णालय पाहून या, आणि अडचण आली तर पुढे कुठे पाठवतात हेही तिथेच विचारा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी 3,000 आणि 2,000 अशा दोन हप्त्यांत 5,000 रुपये मिळतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या घरातील स्त्रिया त्यासाठी पात्र आहेत. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा बँकेत ती जोडणी आधी तपासा आणि अर्ज अंगणवाडीसेविकेकडे द्या. दुसऱ्या हप्त्यासाठी जन्मनोंद आणि पहिल्या लसी झालेल्या लागतात. जन्माची नोंद 21 दिवसांत केली तर शुल्क पडत नाही.

भिशीतल्या बायकांना विश्वासात घेऊन आपला नंबर बाळंतपणाच्या महिन्यात लावून घ्या; अशी अदलाबदल सहसा कुणी नाकारत नाही. राहिलेल्या दोन महिन्यांत नवी शिलाई घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्या, नववा लागला की फक्त फॉल-पिको ठेवा, आणि ज्यांच्याकडे शिलाईची उधारी अडकली आहे त्यांची वहीत यादी करून आताच मागून घ्या.