गणित आणि सांख्यिकी शिकवण्यासाठी ऑनलाइन साधने: निवड कशी करावी

सहावी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवताना मुले खरोखर रमतील अशी ऑनलाइन साधने कोणती, आणि सांख्यिकीचे प्रकरण आले की वर्गाचा उत्साह ओसरतो त्यावर काय करावे, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. नावे पुढे देतेच, पण आधी निवडीचा निकष सांगते, कारण साधने बदलत राहतात आणि निकष तुम्हाला दर वेळी उपयोगी पडेल. साधन उघडल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत विद्यार्थ्याला स्वतः काही ठरवावे लागते का, एवढे मी पाहते. पडदा उत्तर दाखवण्यापूर्वी त्याला अंदाज बांधावा लागत असेल, तो शेजाऱ्याला पटवून द्यावा लागत असेल, आणि अंदाज चुकल्यावर 'असे का झाले?' हा प्रश्न त्याच्याच तोंडून येत असेल, तर ते साधन वर्गात आणण्याजोगे आहे. बरोबर उत्तराला तारे आणि गुण देऊन पुढचे उदाहरण समोर ठेवणारी संकेतस्थळे सरावासाठी चांगली असतात आणि सराव लागतोच. परंतु त्यातून विषयाची गोडी लागेल अशी अपेक्षा ठेवू नये.

बीजगणित आणि भूमितीसाठी डेस्मॉस आणि जिओजेब्रा ही दोन साधने मी सर्वांत आधी सुचवीन. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात आणि वर्गात वापरण्यासाठी पैसे पडत नाहीत. डेस्मॉसचा आलेख कॅल्क्युलेटर इतका सुटसुटीत आहे की मुलांना तो शिकवावा लागत नाही. त्याचा एक उपयोग जरा तपशिलात सांगते. 'वाय बरोबर एक्सचा वर्ग, अधिक बी एक्स, अधिक १' हे समीकरण लिहा. बी या अक्षरासाठी स्लायडर, म्हणजे किंमत बदलायची सरकपट्टी, हवा का, हे तो आपणहून विचारतो. स्लायडरला हात लावण्यापूर्वी वर्गाला विचारा की बी वाढवत नेला तर हे अन्वस्त (पॅराबोला) कोणत्या दिशेने सरकेल, आणि प्रत्येकाला आपला अंदाज वहीत रेखाटायला लावा. बहुतेक मुले 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' म्हणतात, काही जण 'वर' म्हणतात. मग बीची किंमत उणे ४ पासून ४ पर्यंत सावकाश न्या. शिरोबिंदू, म्हणजे वक्राचे सर्वांत खालचे टोक, उजवीकडून डावीकडे जातो खरा, पण जाताना आधी वर चढतो आणि मग खाली उतरतो. शिवाय या साऱ्या हालचालीत वक्र शून्य आणि एक या निर्देशकांच्या बिंदूतून जाणे कधीच सोडत नाही. तो बिंदू जागचा का हलत नाही, हे एक्सच्या जागी शून्य ठेवून सातवीतले मूलही सांगू शकते. शिरोबिंदू कोणत्या वाटेने जातो हा प्रश्न मात्र दहावीच्या चांगल्या विद्यार्थ्यालाही गुंतवून ठेवतो: ती वाट म्हणजे दुसरे, पालथे अन्वस्त असते, 'वाय बरोबर १, वजा एक्सचा वर्ग'. हे सिद्ध करण्यासाठी वर्ग पूर्ण करण्याची रीत लागते, आणि ती रीत कशासाठी शिकायची हे तेव्हा वेगळे सांगावे लागत नाही.

जिओजेब्रा मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात असताना सुरू केले, आणि आज त्यात भूमिती, बीजगणित, तक्ते आणि संभाव्यता हे सगळे एकत्र मिळते. भूमितीत त्याचे बळ 'ओढून पाहण्यात' आहे. कोणताही चौकोन काढून त्याच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले की समांतरभुज चौकोन तयार होतो, आणि शिरोबिंदू ओढून मूळ चौकोन कितीही वेडावाकडा केला तरी तो टिकतो. येथे एक धोका आहे आणि तो गांभीर्याने घ्यावा. पडद्यावर इतक्या वेळा खरे ठरलेले पाहिल्यावर मुलांना सिद्धतेची गरजच वाटेनाशी होते. म्हणून ओढणे थांबवून 'हे प्रत्येक वेळी का घडते?' असे विचारावे आणि चौकोनाचा एक कर्ण काढून द्यावा. मध्यबिंदूच्या प्रमेयापर्यंत मुले पुढे स्वतः पोहोचतात. जिओजेब्रावर शिक्षकांनी तयार केलेल्या कृतींचा मोठा साठाही आहे, मात्र त्यांचा दर्जा कमीजास्त असतो, त्यामुळे प्रत्येक कृती आधी स्वतः करून पाहिल्याशिवाय वर्गात दाखवू नये.

चांगले प्रश्न हवे असतील तर केंब्रिज विद्यापीठाचा एनरिच हा प्रकल्प पाहावा. तो १९९६ पासून चालू आहे. तेथील अनेक प्रश्नांना सुरुवात कोणालाही करता येते, पण खोलवर जायला भरपूर वाव असतो, आणि पुष्कळसे प्रश्न कागद-पेन्सिलीवरच सुटतात. अपूर्णांक, क्षेत्रफळ आणि संख्यांची रचना हाताळून समजावी यासाठी पॉलिपॅड हे पडद्यावर तुकडे सरकवून पाहण्याचे साधन उत्तम आहे.

आता सांख्यिकीकडे वळते, कारण तुमची खरी अडचण तेथे आहे असे मला वाटते. हे प्रकरण कंटाळवाणे होते ते आकडे आधीच निवडून, सारून-सवरून दिलेले असतात म्हणून. मुलांनी फक्त सूत्रात ते भरायचे असतात आणि आलेल्या उत्तराचे पुढे काहीच करायचे नसते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने शालेय सांख्यिकीसाठी २००७ मध्ये काढलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक आराखड्यात चार पायऱ्या मांडल्या आहेत: प्रश्न तयार करणे, माहिती गोळा करणे, तिचे विश्लेषण करणे आणि अर्थ लावणे. आपल्या वर्गांत बहुतेक वेळ तिसऱ्या पायरीवर जातो, आणि तेवढे एक काम संगणक आपल्यापेक्षा चांगले करतो. साधन निवडताना उरलेल्या तीन पायऱ्यांना जागा मिळते का, हे पाहावे.

सरासरी आणि मध्यक यांपासून सुरुवात करणे सोयीचे असते. २, ३, ३, ४, ८ या संख्यांची सरासरी ४ आणि मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या, ३ आहे. आठाच्या जागी १८ घेतले तर काय होईल, हे आधी विचारावे: सरासरी ६ होते, मध्यक ३ वरच राहतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या संग्रहात याच कल्पनेवर एक सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग, आहे. त्यात चेंडू लाथाडले जातात, ते किती दूर पडले हे बिंदूंच्या रूपात दिसते, आणि बिंदू हलवले की सरासरी व मध्यक कसे वागतात ते समोर घडताना पाहता येते. फेटची सुरुवात भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये केली. त्याची सिम्युलेशन्स उतरवून इंटरनेटशिवायही चालवता येतात, ही फार मोठी सोय आहे.

आलेख काढण्याचे प्रयोजन मुलांना पटवायचे असेल तर संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेले आकड्यांचे चार संच वापरा. प्रत्येकात एक्स आणि वाय यांच्या ११ जोड्या आहेत, चारही संचांत एक्सची सरासरी ९ आणि वायची सुमारे ७.५ येते, इतकेच काय, बिंदूंना जुळणारी सर्वोत्तम रेषाही जवळपास तीच मिळते. वर्गाचे चार गट करून प्रत्येकाला एकेक संच द्यावा, आधी फक्त सरासरी काढायला लावून ती फळ्यावर लिहून घ्यावी, आणि सगळे एकसारखे आहे अशी मुलांची खात्री झाल्यावर आलेख काढायला सांगावे. एका गटाला रेषेभोवती विखुरलेले बिंदू मिळतात, दुसऱ्याला स्वच्छ वक्र, तिसऱ्याला सरळ रेषा आणि तिच्यापासून भरकटलेला एक बिंदू, तर चौथ्याला एकावर एक उभे राहिलेले दहा बिंदू आणि दूर एकटा एक.

माहिती स्वतः हाताळण्यासाठी कॉन्कॉर्ड कन्सोर्टियम या शैक्षणिक संस्थेने तयार केलेला कोडॅप हा तक्ते आणि आलेखांचा कार्यक्रम मला शालेय पातळीवर सर्वांत योग्य वाटतो. तक्त्यातले शीर्षक उचलून अक्षावर सोडले की आलेख तयार होतो, आणि आलेखात एखादा बिंदू निवडला की तक्त्यातली त्याची ओळही उजळते. हा बिंदू म्हणजे नेमकी कोणती नोंद, हा संबंध मुलांच्या नजरेसमोर राहतो. त्यातच यादृच्छिक नमुने घेण्याची सोय असल्याने संभाव्यताही शिकवता येते. नाणेफेकीचे सिम्युलेशन दाखवून बहुतेक जण 'फेका वाढल्या की प्रमाण निम्म्याजवळ येते' येथे थांबतात. तेथे थांबू नका. १०० फेकांत छापांची संख्या ५० पासून साधारण ५ ने इकडेतिकडे असते, तर १०,००० फेकांत ती ५,००० पासून साधारण ५० ने इकडेतिकडे असते. म्हणजे संख्येतला फरक वाढतो आणि प्रमाणातला फरक घटतो. 'खूप काटे पडले, आता छापा पडायलाच हवा' ही समजूत या दोन ओळी शेजारी ठेवल्यावर डळमळीत होते, आणि वर्गात यावर रंगणारा वाद मी कधीही थांबवत नाही.

मोठ्या, खऱ्या माहितीसाठी गॅपमाइंडर आणि अवर वर्ल्ड इन डेटा ही दोन स्थळे आहेत. गॅपमाइंडरच्या बुडबुड्यांच्या आलेखात प्रत्येक बुडबुडा एक देश, त्याचा आकार लोकसंख्या, आडवा अक्ष उत्पन्न आणि उभा अक्ष आयुर्मान दाखवतो. तो चालू करण्याआधी आडव्या अक्षावरचे आकडे मुलांना मोठ्याने वाचायला लावा: तेथे समान अंतरावर उत्पन्न दुप्पट होत जाते, आणि हे लक्षात आले नाही तर सगळा आलेख चुकीचा वाचला जातो. बुडबुडा म्हणजे देशाची सरासरी, त्या देशातला प्रत्येक माणूस नव्हे, हेही तेथेच बोलून घ्यावे.

वर्गात एकच संगणक आणि एकच पडदा असेल तरी यातले जवळजवळ सगळे करता येते. खरे तर अंदाज घेण्याच्या कामाला एकच पडदा अधिक बरा, कारण सगळ्यांची नजर एका जागी राहते. मुलांना खाते उघडायला लावणारी साधने शक्यतो टाळा आणि लागलीच तर त्यांची कोणती माहिती घेतली जाते ते आधी वाचा. तुमचे सांख्यिकीचे प्रकरण जवळ आले असेल, तर पहिल्या तासाला फेटचे सिम्युलेशन, दुसऱ्याला अ‍ॅन्स्कमचे संच आणि तिसऱ्याला मुलांनी स्वतः विचारलेल्या प्रश्नावर गोळा केलेली माहिती कोडॅपमध्ये, असा क्रम ठेवा. त्या तिसऱ्या तासासाठी प्रश्न ठरवायला मुलांना आदल्या आठवड्यातच सांगून ठेवावे लागेल.