टेलकोट, पावती आणि दोन वर्षांची मुदत

प्रश्न : माझे यजमान कझाकस्तानचे, व्हायोलिनवादक. लग्नानंतर ते नागपुरात स्थायिक झाले. कार्यक्रमांसाठी मुंबईला जातात. त्यांचा लोकरीचा टेलकोट मी धरमपेठेतल्या एका ड्रायक्लीनरकडे टाकला, तो आखडून परत आला. दुकानदार आधी ‘करून देतो’ म्हणत राहिला, आता पावतीवरची ‘भरपाई धुलाईच्या दहापट’ ही ओळ दाखवतो. म्हणजे सहा हजार रुपये. कोट अल्माटीत शिवलेला, लाखाच्या घरातला. परदेशी माणसाला इथे तक्रार करता येते का?

उत्तर : ताई, कधी पैठणी, कधी लग्नाची शेरवानी, अशी पत्रे मला सतत येतात आणि प्रत्येकाला धास्ती त्या दहापटीच्या ओळीची असते. तुमचे प्रकरण मात्र एका तारखेवर अडले आहे. खराब झालेला कोट तुमच्या हातात आला, त्याला येत्या 20 नोव्हेंबरला दोन वर्षे होतात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 नुसार तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल व्हावी लागते. दुकानदाराने ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हटल्याने ही मुदत वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही वाढत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निकाल देणाऱ्या मंडळाला, आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागते. ‘त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला’ हे कारण टिकेल याच्या भरवशावर राहू नका. इतके महिने तुम्ही त्याच्याकडून एक ओळही लिहून घेतली नाही, याचा मला खरोखर राग येतो. आता नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका, थेट तक्रार दाखल करा.

परदेशी असण्याची अडचण नाही. कायद्यात ‘व्यक्ती’ हा शब्द आहे, नागरिकत्वाची अट नाही. पावती तुमच्या नावावर आणि कोट त्यांचा, म्हणून तक्रारदार दोघेही व्हा. ते बाहेरगावी जाणार असतील तर त्यांचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

दहापटीच्या ओळीबद्दल ठाम शब्द देत नाही. ग्राहकाची सही नसलेल्या पावतीवरची बारीक छपाई आयोग अनेकदा बाजूला ठेवतात. पण 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कुरिअर कंपनीच्या खटल्यात, सही केलेल्या कागदावरची अशीच मर्यादा मान्य केली होती. तुमच्या पावतीवर तुमची सही आहे का, हे आजच पाहा. कोट व्यवसायासाठी वापरला जातो म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असेही समोरचा वकील म्हणेल. एकट्या माणसाचे पोट भरणे म्हणजे व्यापार नव्हे, हे आपले उत्तर. ते आयोगाला पटावे, पण हमी देत नाही.

किंमत सिद्ध करण्यावर मात्र भरपूर मेहनत घ्या. ‘इतवारीतून नवा सूट शिवून देतो’ ही त्याची तयारी तुम्ही नाकारली, ते योग्यच केले. टेलकोट पुढून कमरेशी संपतो, त्याला बटणे लावायची नसतात, मागची शेपटे गुडघ्यापर्यंत येतात. वादकाच्या कोटाची काख उंच कापलेली असते; नाहीतर गज चालवताना हात उचलला की खांदे कानाशी येतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नेमकी तीच काख आवळली आहे आणि कॉलरच्या रेशमाला सुरकुत्या पडल्या आहेत. मुंबईत 2006 मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाली, तिच्यात कझाकस्तानातले वादक आले, तरी आपल्याकडे हा पोशाख किती जणांनी जवळून पाहिला असेल? आयोगाच्या सदस्यांना तो माहीत आहे असे धरू नका, सगळे लिहून द्या. अल्माटीच्या शिंप्याचे बिल भाषांतरासह जोडा, कोट घालून वाजवतानाचा जुना फोटो जोडा, इथल्या चांगल्या शिंप्याचे लेखी मत घ्या. कोट जुना असल्याने पूर्ण किंमत मिळेल असे मी म्हणणार नाही.

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. कायदा म्हणतो, तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावा. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात आणि वर्ष-दोन वर्षे सहज जातात. सहाशे रुपयांच्या धुलाईसाठी माणसाला इतके ताटकळत ठेवणे ही व्यवस्थेची लाजिरवाणी गोष्ट आहे.

आणि दुकानदाराने पुन्हा ‘आणा, ठीक करतो’ म्हटले तर कोट देऊ नका. तोच तुमचा मुख्य पुरावा आहे.